न तपासलेला अनुभव

भाजलेली जखम किती खोल आहे हे ठरवायला यंत्र लागतं असं कुणी म्हणालं, की माझ्या मनात लगेच यायचं, याने पुरेशा जखमा पाहिलेल्या नाहीत. बरीच वर्षं हे माझं पक्कं मत होतं आणि मी ते लपवत नसे. ज्युनिअर डॉक्टरांसमोर बोलायचे, परिषदांमध्ये बोलायचे. मी ज्या रुग्णालयात काम करत होते, तिथे त्वचेतला रक्तप्रवाह लेझरने मोजणारं यंत्र घ्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा खरेदी समितीने माझं मत मागितलं. अनुभवी सर्जनला याची गरज नाही, तेवढ्या पैशात ड्रेसिंगचं सामान घ्यावं आणि वॉर्डात सिस्टर वाढवाव्यात, असं मी लेखी कळवलं. प्रस्ताव बारगळला. त्या कागदावर माझी सही आहे. ड्रेसिंगचं सामान खरंच कमी पडत होतं, त्यामुळे त्यातला तो भाग मला आजही मान्य आहे. पण ‘गरज नाही’ हे मी कशाच्या जोरावर लिहिलं, या प्रश्नाने पुढे मला फार छळलं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

बर्न्स वॉर्डमधला रोजचा पेच आधी सांगते. वरवर भाजलेली त्वचा लाल, ओलसर आणि झोंबणारी असते. ती आपली आपण भरून येते. पूर्ण जाडीची जळालेली त्वचा पांढरट, कडक, वाळल्या चामड्यासारखी होते, तिला टोचलेलं कळत नाही. ती भरून येणार नाही हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अडचण मधल्या जखमांची आहे. त्वचेची जाडी बहुतेक ठिकाणी एक ते दोन मिलिमीटर, आणि भाजणं त्या जाडीत कुठेतरी मध्येच थांबलेलं असतं. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी त्वचेत खोल रुतलेल्या असतात. त्यांच्या भिंतींमध्ये नवी त्वचा घडवणाऱ्या पेशी असतात. त्या पुरेशा वाचल्या असतील आणि त्यांना रक्त पोचत असेल, तर जखम दोन आठवड्यांत भरते, व्रणही फारसा राहत नाही. तीन आठवड्यांच्या पुढे रेंगाळली, तर जाड, खाजणारा, आवळत जाणारा व्रण येण्याची भीती खूप वाढते. मानेवर किंवा काखेत असा व्रण आला की मान वळत नाही, हात वर जात नाही.

म्हणून जी जखम तीन आठवड्यांत भरणार नाही, तिच्यातली मेलेली त्वचा लवकर काढायची आणि मांडीवरची पातळ कातडी सोलून तिथे लावायची, म्हणजे ग्राफ्ट करायचा. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर गावच्या सर्जन झोरा यान्झेकोविच यांनी 1970 मध्ये हे तंत्र जगापुढे मांडलं. पात्याने मेलेली त्वचा थराथराने तासत जायची आणि रक्ताचे बारीक ठिपके फुटू लागले की थांबायचं. त्याआधी जळालेली खपली आपोआप सुटण्याची आठवडेच्या आठवडे वाट बघत असत, आणि त्या काळात रुग्ण जंतुसंसर्गाने दगावत. या बाईंनी आमच्या क्षेत्राची दिशा बदलली आणि माझी त्यांच्यावर आजही निष्ठा आहे.

पण कापायचं कुणाला आणि थांबायचं कुणासाठी, हे पात्याला हात घालण्याआधी ठरवावं लागतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ड्रेसिंग सोडल्यावर जखमेसमोर उभं राहून ते ठरवायचं. आमचे सर हे करत तेव्हा सगळा राऊंड गप्प व्हायचा. ते आधी हात मागे बांधून नुसते बघत. मग बोटाने दाबून, पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते पाहत. सुईने टोचून विचारत, दुखतंय का. एखादा केस चिमट्याने ओढून बघत. जळालेल्या मुळाचा केस न दुखता सहज हातात येतो. मग म्हणत, “उद्या ओटीला घ्या,” किंवा “हिला हात लावू नका.” मला ती विद्या हवी होती. काही वर्षांनी लोक माझ्या मताची तशीच वाट बघू लागले, तेव्हा ती मला मिळाली असं मी धरून चालले.

या विद्येची परीक्षा इतरांनी घेतली होती आणि त्यांचे निकाल मी वाचलेही होते. 2001 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी मधल्या खोलीच्या 76 जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात नुसत्या पाहणीवरून केलेलं निदान 70 टक्के वेळा बरोबर आलं आणि लेझरच्या चित्रावरून केलेलं 97 टक्के. अनुभवी सर्जनही अशा जखमांमध्ये साधारण तीनात एकदा चुकतात, असं त्याआधीही लिहिलं गेलं होतं. मी हे आकडे वाचून बाजूला ठेवले. श्रीमंत देशातल्या डॉक्टरांना भाजलेले रुग्ण बघायला मिळतात तरी किती, असं मी स्वतःला सांगितलं. आपल्याकडे वर्षाला 70 लाखांच्या आसपास माणसं भाजतात असा अंदाज दिला जातो. अंघोळीच्या कढत पाण्याच्या बादलीत पडलेली पोरं, स्टोव्हचा भडका, साडीच्या पदराने धरलेला पेट, दिवाळीतले फटाके, हे सगळं माझ्या डोळ्यांखालून रोज जात होतं. इतकं पाहिलेला डोळा चुकेल कसा? संख्येलाच मी पुरावा मानलं होतं.

दुसरं कारण मी उघडपणे मांडत असे. यंत्र आलं की हात बोथट होतो, नवी मुलं जखमेकडे न बघता पडद्याकडे बघतील. आणि तिसरं असं, की ही यंत्रं गोऱ्या कातडीसाठी बनवलेली आहेत, आपल्या सावळ्या माणसांवर त्यांचा काय भरवसा.

पुढे ब्रिटनमधल्या एका बर्न्स युनिटमध्ये काही काळ शिकायला जाण्याची संधी आली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने 2011 मध्ये भाजलेल्या जखमांसाठी लेझर डॉप्लर यंत्राची शिफारस केली होती, आणि मी गेले तेव्हा त्या युनिटमध्ये ते रोजच्या वापरात होतं. मी शस्त्रक्रिया शिकायला गेले होते. यंत्राबद्दल मला उत्सुकता नव्हती.

ते काम कसं करतं हे तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी समजावलं, तेव्हा मला पहिल्यांदा त्याच्याबद्दल आदर वाटला. लाल लेझरचा किरण त्वचेत मिलिमीटरभर, फार तर त्याहून थोडा खोल शिरतो आणि विखरून परत येतो. स्थिर ऊतींवरून परतलेला प्रकाश होता तसाच राहतो. वाहत्या तांबड्या पेशींवर आपटून परतलेल्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते. 1842 मध्ये ख्रिश्चन डॉप्लर यांनी प्रागमध्ये ताऱ्यांच्या रंगांविषयी जे तत्त्व मांडलं, तेच हे. बदल किती सूक्ष्म असतो बघा. 633 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची कंपनं सेकंदाला सुमारे 474 लाख कोटी, आणि त्यात रक्तपेशींच्या चालीमुळे पडणारा फरक काही हजारांचा. तो सरळ मोजणं शक्य नसतं. पण बदललेला आणि न बदललेला प्रकाश एकमेकांत मिसळला की दोहोंच्या फरकाइतकी थरथर उमटते, आणि ती मोजता येते. मायकेल स्टर्न यांनी 1975 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे जिवंत त्वचेवर करून दाखवलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या संशोधकांनी किरण त्वचेवरून फिरवून त्याचं चित्र काढायची सोय केली. थरथर किती वेगवान यावरून पेशींची गती कळते, किती जोरकस यावरून हलणाऱ्या पेशींचं प्रमाण. दोन्ही मिळून प्रवाहाचा आकडा निघतो. मिनिटाला अमुक मिलिलिटर असा तो नसतो, एका बिंदूची दुसऱ्याशी तुलना करण्यापुरताच असतो. पण जखमेला तेवढं पुरतं. वाचलेल्या त्वचेत दाहामुळे रक्त उसळलेलं असतं, ती चित्रात लाल दिसते. मेलेल्या त्वचेत वाहिन्या थिजलेल्या असतात, ती निळी. मधल्या छटा त्या दोहोंच्या मध्ये.

म्हणजे यान्झेकोविच पात्याने जे शोधत होत्या, तेच हे यंत्र शोधत होतं. रक्त वाहतंय का, एवढंच. पात्याला ते कापल्यावर कळायचं.

त्या युनिटची एक शिस्त होती. स्कॅन करण्याआधी जखम पाहिलेल्या प्रत्येक डॉक्टरने आपलं मत कागदावर लिहायचं: दोन आठवड्यांत भरेल, दोन ते तीन, की तीनच्या पुढे. नाव घालायचं आणि कागद फाइलमध्ये लावायचा. त्यानंतरच खोलीतला दिवा मंद करून, रुग्णाचे डोळे झाकून, मलम पूर्ण पुसलेल्या जखमेवरून किरण फिरवायचा. पुढे जखम खरोखर किती दिवसांत भरली, तेही त्याच कागदावर यायचं. प्रमुख सर्जन स्वतः सगळ्यात आधी लिहीत आणि कागद उलटा ठेवत, म्हणजे आमच्यावर त्यांच्या मताचं दडपण येऊ नये. मला हा सगळा खटाटोप वेळखाऊ वाटला, पण पाहुणी होते म्हणून लिहू लागले.

एक लहान मूल आलं. टेबलावरचा गरम चहाचा मग ओढून अंगावर घेतला होता. तिथेही हेच सगळ्यात जास्त घडतं. छाती आणि एक खांदा पोळला होता. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग सोडलं तेव्हा खांदा गुलाबी होता, पण छातीच्या मधोमध तळहाताएवढा भाग फिकट, ठिपक्याठिपक्यांचा, दाबला तर रंग नीट न बदलणारा. असे चट्टे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. मला शंका नव्हती. मी लिहिलं, तीन आठवड्यांच्या पुढे, ग्राफ्ट लागेल. स्कॅनमध्ये खांदा लाल आला आणि छातीचा तो चट्टा लाल-पिवळा. प्रमुख म्हणाले, “ड्रेसिंग करा, थांबू या.”

त्यानंतरच्या प्रत्येक ड्रेसिंगला मी आवर्जून हजर राहिले. कशासाठी, ते लिहायला मला लाज वाटते. तो चट्टा भरू नये, असं माझ्यातल्या कशाला तरी वाटत होतं. त्या बाळाची आई बाजूला बसलेली असायची आणि मी यंत्राची चूक सापडावी म्हणून त्याच्या छातीकडे बघत होते. तो चट्टा कडेने आणि मधूनही, केसांच्या मुळांच्या जागांवरून नव्या त्वचेची बेटं उगवत भरत गेला. दोन आठवडे व्हायच्या आत ड्रेसिंग बंद झालं.

निदान चुकलं याचं मला तितकंसं काही वाटलं नाही. निदानं चुकतात. धक्का बसला तो नंतर, फाइलमधल्या माझ्या कागदावर ‘ग्राफ्ट लागेल’च्या पुढे भरल्याची तारीख लिहिलेली पाहिली तेव्हा. हे मूल माझ्या वॉर्डात आलं असतं तर काय झालं असतं, याचा मी विचार करू लागले. पाचव्या दिवशी मी त्याला ओटीला घेतलं असतं. तो चट्टा तासला असता, मांडीची कातडी काढून लावली असती. ग्राफ्ट उत्तम धरला असता, कारण खाली रक्तपुरवठा उत्तम होताच. केसपेपरवर मी लिहिलं असतं, खोल भाजणं, लवकर शस्त्रक्रिया, ग्राफ्ट पूर्ण धरला. आई-वडील माझ्या पाया पडले असते. आणि हा रुग्ण माझ्या अनुभवात, ‘असा चट्टा दिसला की तो खोल असतो’ या खात्रीत, आणखी एक पुरावा म्हणून जमा झाला असता.

तिथे मी थांबले, बराच वेळ. कारण मग मागे वळून पाहणं भागच होतं. ‘असा चट्टा खोल असतो’ हे मला कुणी सांगितलं होतं? मी कापलेल्या जखमांनी. पण कापलेली जखम न कापता भरली असती का, हे कधी कळतच नाही. तासलेली त्वचा कचऱ्याच्या पिशवीत जाते, ती तपासायला कुणी पाठवत नाही. माझा प्रत्येक निर्णय स्वतःला पडताळण्याची संधी पुसून टाकत होता, आणि मी त्या पुसलेल्या पाटीला अनुभव म्हणत होते.

कुणी सर्जन यावर म्हणेल, की तासताना कळतंच की. पहिल्याच थराला भरभरून रक्त आलं तर जखम उथळ होती हे उघड आहे. बरोबर आहे. मला तसं रक्त आलेलं आठवतं, एकदा नव्हे. त्याचा अर्थ मी काय लावला? ‘वेळेत आलो, खालची त्वचा चांगली मिळाली, ग्राफ्ट छान धरेल.’ हातापायांवर तर टूर्निके बांधलेलं असतं, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून अॅड्रिनलिनही टोचलेलं असतं, त्यामुळे रक्ताची ही खूण फसवी असते असंही स्वतःला सांगता येतं. पुरावा माझ्या हातमोज्यांवर होता आणि मी त्याला शाबासकी समजत होते.

उलट दिशेची चूक मात्र कधीच लपत नाही. एखादी जखम भरेल म्हणून थांबावं आणि ती तीन आठवड्यांनी तशीच लाल, दाणेदार उरावी, की नातेवाईक विचारतात, राऊंडमध्ये वरिष्ठ विचारतात, आणि वर्षभराने आवळलेली काख घेऊन तोच रुग्ण ओपीडीत उभा राहतो. ही चूक चेहरा घेऊन येते. नको असताना कापल्याची चूक कधी परत येत नाही, ती आभार मानून घरी जाते. दोन चुकांपैकी एकीचीच शिक्षा मिळत असेल, तर माणूस कुठल्या बाजूला सरकत जाईल? मी वर्षागणिक पात्याकडे सरकत गेले, आणि त्या सरकण्याला मी प्रावीण्य मानलं.

कातडी काढलेल्या मांडीबद्दल आम्ही डॉक्टर फार हलक्याने बोलतो. ‘डोनर साइट काय, दहा-बारा दिवसांत भरते.’ भरते, पण त्या दिवसांत ती भाजलेल्या जागेपेक्षा जास्त दुखते असं रुग्ण सांगतात, आणि चौकोनी वेगळ्या रंगाचा ठसा पुष्कळदा जन्मभर राहतो. ज्यांच्या मांडीवर असा ठसा माझ्या हातचा आहे, त्यांतल्या काहींना त्याची गरज नव्हती. कोण ते मी सांगू शकत नाही. त्यांनाही ते माहीत नाही. ते मला भेटतात तेव्हा माझे आभार मानतात.

हात बोथट होण्याबद्दलची माझी भीतीही तिथेच गेली, आणि ती कशी गेली हे मला महत्त्वाचं वाटतं. ते कागद लिहीत राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझे अंदाज सुधारतायत. साहजिकच होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या प्रत्येक अंदाजाला लगेच उत्तर मिळत होतं. लिहून द्यायचं आहे आणि थोड्या वेळात खरं-खोटं होणार आहे हे माहीत असल्यावर मी जखमेकडे पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देऊन बघू लागले. फिकटपणा सगळा सारखा नसतो, ठिपक्यांच्या मधल्या त्वचेचा ओलावा काहीतरी सांगतो, अशा गोष्टी मी त्या यंत्रामुळे शिकले. आमच्या सरांनी मला बघायला शिकवलं होतं. बघितलेलं तपासायला त्यांच्याकडे काही साधनच नव्हतं. त्यांना ते मिळालं असतं तर त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं असतं, असं मला आता वाटतं, आणि त्यांच्या नावावर मी जो विरोध केला तो त्यांचा नव्हता.

सावळ्या त्वचेचा मुद्दा इतका सरळ नाही. रंगद्रव्य त्वचेच्या अगदी वरच्या पापुद्र्यात असतं. मधल्या खोलीच्या जखमेत तो पापुद्रा फोडाबरोबर निघून गेलेला असतो आणि खाली उघडी पडलेली त्वचा गोऱ्या-काळ्या सगळ्यांची जवळपास सारखीच असते. तरी शंका विचारणं योग्यच होतं. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिजनची कमतरता ओळखायला जास्त वेळा चुकतो, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून पुढे आलंच. प्रकाशावर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझा दोष असा, की यंत्राला विचारलेला हा प्रश्न मी स्वतःच्या डोळ्यांना कधी विचारला नाही. ज्या पुस्तकांवर मी शिकले त्यांतल्या जखमांची छायाचित्रं बहुतेक गोऱ्या रुग्णांची होती. गुलाबी, फिकट, चेरीसारखा लाल हे शब्द मी तिथून उचलले आणि आपल्या माणसांवर वापरले. यंत्राने पुरावा द्यावा ही माझी अट होती, आणि माझ्याकडे कुणी पुरावा मागत नव्हतं.

मी यंत्राची भक्त झालेले नाही. पहिल्या दोन दिवसांत त्याचं उत्तर विश्वासार्ह नसतं, कारण तेव्हा जखमच ठरलेली नसते. बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन यांनी 1953 मध्ये दाखवलं, की जळून मेलेल्या भागाभोवती एक पट्टा असा असतो ज्यातलं रक्त मंदावलेलं असतं. तो जगूही शकतो किंवा मरूही शकतो. पुरेसं सलाइन मिळालं का, संसर्ग झाला का, यावर ते ठरतं. मूल हललं, सिल्व्हर सल्फाडायझिन या मलमाचा थर नीट पुसला गेला नाही, जखमेत जंतू माजले, रुग्णाला पंडुरोग असला, तर चित्र फसवतं. अंगाच्या गोलाईवर कडेचे आकडे कमी येतात. म्हणजे चित्र वाचणाऱ्यानेही जखम पाहिलेली असावीच लागते.

परत आल्यावर माझ्याकडे यंत्र नव्हतं. ते येऊ नये अशी तजवीज मीच केलेली होती. पण कागद होता. आता आमच्या वॉर्डात मधल्या खोलीच्या प्रत्येक जखमेपुढे मी, रजिस्ट्रार आणि ड्रेसिंगच्या सिस्टर, तिघी आपापलं मत वेगवेगळं लिहितो. सिस्टरचं मत त्यात असावं हा माझा हट्ट होता, कारण जखम रोज उघडून बघणारी तीच एक. तिघींचं एकमत नसलेली जखम, ती हाताच्या किंवा चेहऱ्याच्या महत्त्वाच्या जागी नसेल आणि संसर्ग नसेल, तर आणखी काही दिवस थांबून पुन्हा बघतो. यामुळे काही जखमांची शस्त्रक्रिया उशिरा होते, हे मला दिसतं. काही मुलं कातडी न काढता घरी जातात, हेही दिसतं. पूर्वी यातलं दुसरं मला दिसायची सोयच नव्हती.

नातेवाईकांशी बोलणंही बदललं. तिसऱ्या दिवशी आई विचारते, “मॅडम, कातडी लावावी लागेल का हो?” पूर्वी मी हो किंवा नाही सांगायचे आणि त्या ठामपणाने तिला धीर येतो असं मला वाटायचं. आता म्हणते, “ताई, आज सांगता येत नाही. अजून चार दिवस बघू, मग नक्की सांगते.” काही जण यावर दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. त्यांना मी दोष देत नाही. छातीठोक सांगणारा डॉक्टर हवासा वाटावा, ही सवय लोकांना आम्हीच लावली आहे.

त्या खरेदी समितीला मी नवं पत्र दिलं आहे. आधीच्या पत्राची तारीख त्यात घातली आहे आणि ते मत मी मागे घेते, असं स्पष्ट लिहिलं आहे. यंत्र महाग आहे, दुरुस्तीचा खर्च वेगळा, हे मान्य करून एक पर्यायही सुचवला आहे. लेझर भिंतीवर पडला की जो चमचमता दाणेदार ठिपका दिसतो, त्याच दाण्यांवरून रक्तप्रवाह मोजता येतो. खाली रक्त वाहत असेल तिथे दाणे पुसट होतात. फर्चर आणि ब्रायर्स यांनी ही पद्धत 1981 मध्येच मांडली होती. तिला फिरता किरण लागत नाही. लेझर, कॅमेरा आणि गणित करणारा संगणक लागतो, चित्र क्षणात मिळतं, रडणाऱ्या मुलाला मिनिटभरही धरून ठेवावं लागत नाही. भाजलेल्या जखमांवरचा तिचा पडताळा डॉप्लरइतका जुना नाही, म्हणून आमच्या कागदांशी ताडून पाहण्याची अट मी पत्रातच घातली आहे. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रकाशशास्त्राचे एक प्राध्यापक मदत करायला तयार आहेत.

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही. मधल्या एका बैठकीत एक सदस्य म्हणाले, “मॅडम, तुम्हीच तर तेव्हा नको म्हणाला होता.” मी हो म्हटलं, आणि माझ्या जुन्या पत्राची प्रत त्यांच्यापुढे ठेवली.